वरच्या बाकावर काइसू

३ जानेवारी, शुक्रवार

निर्णय झाला. लेझर ऑपरेशन करून घ्यायचं. याच महिन्यात. फायनल. नाताळात वेन्लाने क्लिनिकचं व्हाउचर हातात ठेवलं तेव्हा मी "बघू" म्हणालो होतो. आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसरीत असल्यापासून चष्मा लावतोय, पुरे झालं. चष्मा काढला की मला माझा हात जेमतेम मनगटापर्यंत दिसतो. पुढे सगळं धुकं.

वेन्ला म्हणजे माझी मुलगी. ताम्पेरेला असते आणि तिथून माझ्यावर नजर ठेवते. डिसेंबरातल्या गोलच्या जाळीच्या भानगडीवरून तिने हे मनावर घेतलं. खरं तर त्यात माझी काही चूक नव्हती. आइस हॉकीच्या मैदानावरचा बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र मी चालवतो. यंत्रातून गरम पाणी पडतं, त्याची वाफ चष्म्यावर बसते आणि तिथेच गोठते. गोलची जाळी बाजूला करणं हे कोचचं काम. ती त्याने केली नव्हती. मी तिला यंत्राला अडकवून मैदानाला एक पूर्ण फेरी मारली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बर्फ आवडला.

संध्याकाळी सॉना. ती आजही होती.

ती म्हणजे कोणी नाही. हे मी माझ्यापुरतं लिहून ठेवतोय.

४ जानेवारी, शनिवार

दिवसाउजेडी शांतपणे विचार केला. विज्ञानाच्या बाजूने.

आमच्या बिल्डिंगचा सॉना, म्हणजे शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पळीने पाणी ओतून वाफ घ्यायची लाकडी खोली, तळघरात आहे. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. शुक्रवार संध्याकाळ म्हणजे त्यातला राजा तास. कोणीतरी मेल्याशिवाय किंवा घर विकल्याशिवाय तो मोकळा होत नाही. काइसूने, माझ्या बायकोने, आठ वर्षं वाट पाहून सात ते आठचा तास मिळवला. गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात ती गेली. तास माझ्याकडे राहिला. चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याने फार गोड बोलून मागून पाहिला. मीही फार गोड बोलून नाही म्हटलं.

चष्मा मी वरच ठेवून जातो. एकदा खाली कपडे बदलायच्या खोलीत स्वतःच्याच चष्म्यावर बसलो होतो, तेव्हापासून. अंगावर रोब, पायात सपाता, एक हात भिंतीला. आंधळ्यानेही जावं इतकी सवय झाली आहे. आत एकच मिणमिणता दिवा. आणि वरच्या बाकावर, भिंतीच्या कोपऱ्यात, काइसू बसायची तिथेच, ती बसलेली असते. फिकट, अस्पष्ट. डोक्यावर पांढरं. काइसू केसांना पांढरा टॉवेल गुंडाळायची. काही वेळाने ती उठते, दार उघडतं, पायांना गार हवा लागते, आणि कोपरा रिकामा असतो. शरद ऋतूपासून दर शुक्रवारी हे चाललंय.

अर्थ सरळ आहे. गरम हवा वर जाते, प्रकाश वाकतो, भिंतीवर ओलीचा डाग असणार. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी नगरपालिकेचा कायम कर्मचारी आहे.

सोमवारी सुट्टी आहे. चष्मा लावून, टॉर्च घेऊन खाली जायचं आणि तो डाग शोधून काढायचा.

६ जानेवारी, सोमवार

तळघराची किल्ली सापडेना. नंतर सापडली, पण तोवर कॉफी झाली होती. एवढ्याशा डागासाठी सुट्टी कशाला वाया घालवायची.

१० जानेवारी, शुक्रवार

बर्फ उत्तम. रीक्काने विचारलं, ऑपरेशनचं कुठवर आलं. रीक्का माझी साहेब, वयाने वेन्लाहून थोडीच मोठी. झाल्यातच जमा आहे, म्हणालो.

सॉना. मी खालच्या बाकावर, नेहमीसारखा. पळीला हातही लावला नव्हता. तरी दगडांवर पाणी पडलं, चर्र झालं आणि वाफ पाठीवर येऊन आदळली. लगेच दुसरी पळी. काइसूची हीच खोड. विचारायचं नाही, ओतायचं.

घाबरलो नाही. फक्त त्या बाजूला पाहिलं नाही.

तोंडातून निघून गेलं, "अगं, जरा दमाने."

तिसरी पळी पडली. माझं तिने कधी ऐकलंय?

वर आल्यावर दाराला किल्ली तीनदा उलटी घातली. उष्णतेने होतं असं.

१४ जानेवारी, मंगळवार

क्लिनिक. तपासणीच तर होती, म्हणून गेलो. डॉक्टर सुंडक्विस्टबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजली. सगळं उत्तम म्हणाल्या. मला थोडं वाईट वाटलं. या वयात वाचायला चष्मा लागेलच असंही म्हणाल्या. म्हणजे एक चष्मा काढायचा आणि दुसरा घ्यायचा. विचार करण्यासारखी गोष्ट आहे, घाई करून चालणार नाही.

बाईंनी विचारलं, काही शंका? विचारलं, ऑपरेशननंतर अस्पष्ट गोष्टी दिसायच्या पूर्णपणे बंद होतात का. त्या म्हणाल्या, तोच तर हेतू आहे.

तारीख नंतर कळवतो म्हणालो.

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रयोग. चष्मा रोबच्या खिशात घालून खाली नेला. एकदाच नीट बघायचं, विषय संपवायचा, शेंडी तुटो की पारंबी. गार जिन्यातून कपड्यांच्या खोलीत गेलो आणि खिशातून काढून लावला, तर काचा पांढऱ्याशुभ्र. पुसला, पुन्हा पांढरा. तसाच आत शिरलो. आधी निदान धुकं तरी दिसायचं, आता तेही दिसेना. इतक्यात धातूची दांडी तापली आणि नाकाला चटका बसला. चष्मा काढून दाराबाहेर ठेवला.

ती होती. मी आत शिरताना नेहमी मान हलवतो तशी हलवली. तिनेही हलवली.

प्रयोग फसला म्हणून वाईट वाटायला हवं होतं. नाकावर मलम लावलंय.

२१ जानेवारी, मंगळवार

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा ताइस्तो भेटला. म्हातारा, लग्न केलं नाही, पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचा. शुक्रवारी माझ्या आधीचा तास त्याचा. मी म्हटलं, तुम्ही शेगडी फार तापवून ठेवता बुवा. त्याने मान हलवली. सोसायटीच्या बैठकीतही तो प्रत्येक ठरावाला अशीच मान हलवतो, बाजूने आणि विरुद्धही. असल्या माणसाशी काय बोलणार. बाहेर फार थंडी आहे म्हटलं, त्यालाही हलवली.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज तिला सगळं सांगितलं. वेन्लाचा नवा मित्र, त्याच्या मानेवरचं गोंदण, रीक्काचं वेळापत्रक, कॉफीचे भाव. तिचा निळा कोट अजून खुंटीवरच आहे हेही सांगितलं. तो मी मुद्दाम ठेवलेला नाही, खुंटी मोकळी करायला सवड झाली नाही. आमच्या संसारात बोलायचं काम काइसूचं आणि मान हलवायचं माझं. आता उलटं झालंय. ती ऐकते आणि मान हलवते. फार बरं वाटलं.

म्हणजे, सॉनाने बरं वाटलं. स्नायू मोकळे होतात.

३१ जानेवारी, शुक्रवार

महिना संपला. ऑपरेशन या महिन्यात ठरलं होतं, पण या महिन्यात सर्दी होती. क्लिनिकचा फोन आला तेव्हा मी खोकून दाखवलं.

वेन्लाचाही फोन आला. आधी व्हाउचरची मुदत, मग माझं वय, मग रस्त्यावरची वाहनं, असं सगळं बोलून झालं. शेवटी म्हणाली, "बाबा, तू कशाची वाट बघतोयस ते मला सांगशील का?"

वेन्लाला सांगितलं असतं तर ती रजा काढून आली असती आणि मला कुठल्यातरी दुसऱ्याच डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणालो, पडद्याची जाडी.

संध्याकाळी ती होती. तिला म्हटलं, आपली पोर फार विचारते. मान हलली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

या वेळीही दोष वाफेचाच. चष्म्यावर बर्फ बसला. मैदानाच्या कडेचं फाटक उघडं आहे असं मला दिसलं. ते बंद होतं. आता ते उघडंच आहे, आणि राहील असं दिसतंय. खेळाडूंच्या बाकावर कोणी नव्हतं म्हणून बरं. दोन मिनिटं आधी बारा वर्षांच्या मुलींचा संघ तिथे बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

रीक्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "ओस्मो, त्या मुली तिथे असत्या तर? डोळे नीट करून ये, तोवर यंत्राची किल्ली माझ्याकडे."

तोवर मी तिकीट-खिडकीत बसायचं आहे.

दिवसभर त्या मुली डोळ्यांसमोरून हलेनात. त्या मला चष्म्याशिवायही लख्ख दिसतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑपरेशन केलं तर ती दिसणार नाही. घ्या, लिहिलं एकदाचं. नाही केलं तर मी यंत्रावर बसायच्या लायकीचा नाही. जन्मभर मला तेवढं एकच काम धड आलंय.

मग ठरवलं, विचारायचंच. तिचा प्रश्न आहे, तिनेच सांगावं. सात वाजता खाली गेलो. तिने दोन पळ्या ओतल्या. मी सगळं सांगितलं, फाटक, मुली, किल्ली, सगळं. मग म्हटलं, "काइसू, मी डोळे नीट करून घेतले तर तू मला दिसायची नाहीस. तुला चालणार नसेल तर मान हलवू नकोस. मी करणार नाही. तिकीट-खिडकीत बसेन."

वाट पाहिली. दगडांवरचं पाणी चरचरत संपलं.

मान हलली. एकदा, नीट, खाली आणि वर.

खात्री करून घ्यावी म्हणून दुसरं विचारलं, गाडी विकू का. मान हलली. गाडी तिची लाडकी होती. मग जरा रागानेच विचारलं, तिकीट-खिडकीतल्या मार्केट्टाला कॉफीला बोलावू का. तर तेव्हाही हलली. जरासुद्धा न थांबता.

काइसूचं मन पहिल्यापासून मोठं. पण इतकं मोठं असायची काही गरज नव्हती.

ती उठून गेली, गार हवा आली. मी खालच्या बाकावर बसून रडलो. घामात कळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन झालं. मी अत्यंत शांत होतो. नर्सबाईंचा हात धरला तो त्यांना धीर यावा म्हणून. नंतर त्या बराच वेळ बोटं चोळत होत्या. पापण्यांना चिमटा लावला, हिरव्या दिव्याकडे बघा म्हणाले. एका डोळ्यात क्षणभर पूर्ण अंधार झाला. त्या अंधारात मी मनातल्या मनात म्हणालो, तुझ्या परवानगीने. केस जळल्यासारखा वास आला आणि संपलं.

दोन आठवडे सॉना बंद. डॉक्टरांचा हुकूम. बरंच झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिसतंय. पलंगावर पडल्या पडल्या खिडकीबाहेरच्या बर्चच्या फांद्या एकेक दिसतात. घड्याळ दिसतं. दिव्यावरची धूळ दिसते, फार आहे. आरशात मी दिसलो, तो भाग राहू दे.

मग काइसूचा फोटो पाहिला. मी तिला रोज आठवतो ती थोडी वेगळी आहे. फोटोतल्या हनुवटीवर बारीकसा व्रण आहे. लहानपणी स्कीवरून पडली होती. तो माझ्याकडून पुसला गेला होता. म्हणजे इतके शुक्रवार मी ज्या काइसूशी बोललो तिला व्रणच नव्हता.

उगाच आपलं. धुक्यात व्रण कसा दिसणार?

२४ फेब्रुवारी, सोमवार

किल्ली परत मिळाली. बर्फ असा झाला की रीक्का स्वतः बघायला आली. तिने अंगठा वर केला. संध्याकाळी वेन्लाला फोनवर सांगितलं. ती रडली. आनंदाने, असं तिचं म्हणणं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन आठवडे पूर्ण झाले. डॉक्टरांच्या हिशेबाने आज सॉना चालतो. पण मी सावध माणूस आहे, अजून एक आठवडा थांबणार. सात वाजता घरातच बसलो होतो. खालून पाण्याच्या नळ्या खडखडल्या. टीव्ही मोठा केला.

७ मार्च, शुक्रवार

गेलो.

कोपरा रिकामा असणार, तो डोळे भरून बघायचा, पाणी ओतायचं आणि परत यायचं. मनाची अशी सगळी तयारी करून दार उघडलं.

कोपऱ्यात ताइस्तो बसला होता. तिसऱ्या मजल्यावरचा. नागडा. टक्कल भाजू नये म्हणून डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी. मला बघून त्याने मान हलवली.

मीही हलवली. दुसरं काय करणार. दार उघडून आलेला माणूस लगेच परत फिरला तर बसलेल्याला वाईट वाटतं. खालच्या बाकावर बसलो. त्याने न विचारता दोन पळ्या ओतल्या. मी एक शब्द बोललो नाही. त्याने दोनतीनदा माझ्या तोंडाकडे वाकून पाहिलं.

तो उठला तसा मीही उठलो. कपड्यांच्या खोलीत त्याने रोबच्या खिशातून एक डबी काढली, डबीतून कानाचं यंत्र काढलं, कानात बसवलं आणि म्हणाला, "हं, बोल आता. आज गप्प का?"

मी विचारलं, तुम्ही माझ्या तासाला किती दिवस बसताय.

"सप्टेंबरपासून," तो म्हणाला. "त्या दिवशी आवरायला मला उशीर झाला. तू आलास, माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि बसलास. म्हटलं, याला चालतंय वाटतं. उठून गेलो असतो तर तुलाच लागलं असतं. पुढच्या शुक्रवारी थांबलो नसतो तर ते आणखी वाईट दिसलं असतं."

"मग बोलला का नाहीत एकदाही?"

"सॉनात कोण बोलतं? तू सोडून."

मी विचारलं, मी बोललेलं काय काय ऐकलंत.

"एक अक्षर नाही. हे यंत्र वाफेत खराब होतं, बाहेरच ठेवतो. पण कोणी आपल्याशी बोलतंय हे दिसतं ना. मग मान हलवायची. घरी रेडिओ असतो, पण तो काही माझ्यासाठी बोलत नाही." रोबची गाठ मारता मारता त्याने विचारलं, "इतकं काय सांगायचास रे?"

"बर्फाचं," मी म्हणालो.

"वाटलंच मला," म्हणाला आणि लिफ्टकडे गेला.

वर येऊन बराच वेळ ओल्या रोबमध्येच बसलो. आधी लाज वाटली, मग हसू आलं. मग तिसरी गोष्ट लक्षात आली आणि हसू गेलं. काइसूने मला ऑपरेशन कर असं कधी सांगितलंच नव्हतं. ज्या होकारावर मी तिला जाऊ दिलं तो ताइस्तोचा होता, आणि तोही कसला, थंडी फार आहे म्हटलं तरी मिळतो तो. मी विचारलं, तेव्हा ती तिथे नव्हती. आणि आता विचारायला जाऊ तिथे सगळं स्पष्ट दिसणार.

१४ मार्च, शुक्रवार

सात वाजता खाली. ताइस्तो नव्हता. गेल्या शुक्रवारी मी प्रश्न विचारले म्हणून त्याला संकोच वाटला असणार. आपली वेळ संपल्याबरोबर निघून गेला होता, बादली भरून ठेवून.

वरचा बाक पूर्ण दिसला. फळीफळीमधल्या फटी, खिळ्यांची डोकी, भिंतीवरचा उष्णतामापक, त्यावरचे आकडे. ओलीचा डाग कुठेही नाही. लाकूड स्वच्छ आहे. मी दोन पळ्या ओतल्या, एकामागोमाग. वाफेतूनही सगळं दिसत होतं. डोळे मिटून पाहिले. मिटल्यावर नुसता अंधार होता, त्यात कोणी बसलेलं नव्हतं. एकदा "काइसू" म्हटलं. मग जरा मोठ्याने म्हटलं. दगड गार होईपर्यंत थांबलो.

तसाच ओल्या अंगाने, रोबमध्ये, जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि घंटी वाजवली. ताइस्तोने दार उघडलं. आतून रेडिओ ऐकू येत होता.

म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी थांबा. पण ते यंत्र नेहमीसारखं बाहेरच ठेवा."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मान हलवली. या वेळी त्याला ऐकू आलं होतं.

दोन माणसांनी एकाच शेगडीवर भागवलं तर सोसायटीची वीज वाचते. पुढच्या बैठकीत मी तसा ठराव मांडणार आहे.